आ-होक काकांच्या नावाची पहिली अक्षरं

माणसांची नावं बदलून देण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे नाव बदलल्याने कुणाचं भलं होतं यावर माझा काडीचाही विश्वास उरलेला नाही. ज्यायीच्या नावनोंदणी कचेरीत मी खिडकीवर बसायचे. ज्योतिषाने दिलेली चिठ्ठी घेऊन लोक यायचे. कुणाला नोकरी लागत नाही, कुणाचं लग्न जमत नाही, कुणाचं चहाचं दुकान चालत नाही. आणि सगळ्याचं खापर बिचाऱ्या नावावर. एक बाई नवऱ्याला बढती मिळावी म्हणून स्वतःचं नाव बदलून गेली. नवऱ्याला बढती मिळाली आणि मग त्याने बायकोच बदलली. तेव्हापासून शिक्का मारायच्या आधी मी प्रत्येकाला विचारायचे, "नक्की ना?" लोकांना बिचकवते म्हणून साहेबांनी मला समजही दिली होती.

अशा बाईचा नवरा नावं बदलण्याच्याच पायी गोत्यात यावा, याला काय म्हणायचं?

नवऱ्याचं नाव पेंग थिंग-युआन. मी त्याला पेंगच म्हणते. त्याचं ऑफिस इतकं छोटं की सगळे मिळून एका गोल टेबलावर जेवायला मावतात. ते लोक मत्स्यतळ्यांसाठी एक डबा बनवतात. आमच्याकडे समुद्राच्या बाजूला, बुदाईला, हेकरू माशांची तळी आहेत. हेकरू महागडा आणि नाजूक. पाण्यातली हवा कमी झाली की बघता बघता उलटा होतो. म्हणून तळ्यात पाणी घुसळणारी चाकं असतात. डबा पाण्यातली हवा मोजतो, कमी झाली की चाकं सुरू करतो, आणि चाकं फिरेनातच तर मालकाला फोन लावतो.

डब्यातल्या प्रोग्रॅमचा हा फोन लावण्याचा भाग पेंगने आ-होक काकांच्या तळ्याच्या बांधावर बसून लिहिला होता. काका ऑफिसचे पहिले गिऱ्हाईक. डबा येण्याआधी उन्हाळाभर ते बांधावर वेताच्या खुर्चीत झोपायचे आणि चाकाचा आवाज जरा बदलला की ओरडत उठायचे. म्हणून पेंगने त्या भागाचं नावच 'आ-होक' ठेवलं. बाकीच्या भागांचीही नावं तशीच. चाकं फिरवणारा तो 'बैल', हवा मोजणारा तो 'नाक', आणि एकाचं नाव तर 'हे-तात्पुरतं-आहे' असं होतं. तो भाग कित्येक वर्षं कायम होता.

हे सगळे भाग गोळा करून त्यांचा एक प्रोग्रॅम कसा जोडायचा, कोणता आधी, कोणता नंतर, हे सांगणाऱ्या फाइली असतात. मला एवढंच समजतं, आणि ही गोष्ट कळायला एवढं पुरे.

गेल्या वसंतात तायपेईच्या एका मोठ्या कंपनीने हे ऑफिस विकत घ्यायचं ठरवलं. विकत घेणारा जसा आधी घराच्या भिंती ठोकून बघतो, तशी त्या कंपनीच्या शाव बाईंनी या फाइली ठोकून बघितल्या आणि कळवलं, की नावं नियमात नाहीत. सगळी अक्षरं लहान हवीत. दोन शब्दांमध्ये फक्त खालची रेघ. माणसांची, जनावरांची नावं नकोत. विनोद नकोत. ते शेवटचं पेंगला लागलं.

"विनोद?" तो भाताचा वाडगा खाली ठेवत म्हणाला. "बैल म्हणजे विनोद आहे? बैलासारखंच राबतो तो!"

"मग सांग ना तसं त्यांना."

"सांगतो. आधी नावं तपासून टाकतो. दोन-चार दिवसांचं काम आहे."

पेंग एखादं काम दोन-चार दिवसांचं आहे असं म्हणाला, की मी मनातल्या मनात सुट्टीची तिकिटं रद्द करते.

त्याने नावं तपासणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. नियमातलं नाव दिसलं की हिरवी खूण, नियमाबाहेरचं दिसलं की लाल. पहिल्यांदा चालवला तेव्हा पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला. अगदी शेवटची लाल ओळ त्या तपासणाऱ्या प्रोग्रॅमचीच होती. त्याचं नाव पेंगने 'सासूबाई' ठेवलं होतं. माझी आई हयात नाही म्हणून, नाहीतर तिथेच निकाल लागला असता.

मग हे वेड घरात शिरलं. फ्रीजमधल्या डब्यांवर लहान अक्षरांत चिठ्ठ्या लागल्या. मी 'मुळा' म्हटलं तर तो म्हणे, "कुठला मुळा? खारवलेला की ताजा? नावावरून कळायला नको?" संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत यायची. अख्खी गल्ली पिशव्या घेऊन कोपऱ्यावर उभी असायची, आणि तिथेही पेंगचं नावपुराण सुरू. आमच्या शेजारच्या यान वहिनींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि त्याच्या दंडाला धरून बाजूला नेलं.

"नावं बदलताय ना, भावजी? मग तज्ज्ञाला विचारल्याशिवाय बदलू नका. देवळामागच्या गुरुजींकडे जा. आमच्या जावयाचं नाव त्यांनीच बदललं. महिन्यात नोकरी!"

"वहिनी, ही माणसांची नावं नाहीत. प्रोग्रॅमच्या भागांची आहेत."

"भाग असले म्हणून काय झालं? त्यांना जन्मवेळ असेलच ना?"

जन्मवेळ खरंच होती. प्रत्येक फाइल कधी तयार झाली ते कॉम्प्युटरमध्ये लिहिलेलंच असतं. पेंग चिडला तो या गोष्टीवर, की वहिनींचं म्हणणं खरं निघालं.

खरी फजिती पुढेच होती. नव्या कंपनीच्या यंत्रणेत शिरायला प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं खातं हवं होतं, आणि तिथेही तोच नियम: लहान अक्षरं, खालची रेघ. पेंगच्या पासपोर्टवर नावाच्या मध्ये आडवी रेघ आहे, सगळ्यांच्याच असते. यंत्रणा म्हणाली, असा कर्मचारी अस्तित्वात नाही. तायपेईहून फोन आला, की नावनोंदणी कचेरीतून खालच्या रेघेचा दाखला आणा. मी त्याला माझ्याच जुन्या कचेरीत घेऊन गेले. खिडकीवर मीच शिकवलेली मुलगी होती.

"बाई, आमच्याकडे इंग्रजी नाव नसतंच," ती ओशाळून म्हणाली. "ते पासपोर्टवाल्यांकडे."

पासपोर्टवाले म्हणाले, आडवी रेघ ही आमची पद्धत आहे, खाली उतरवता येणार नाही. शेवटी शाव बाईंच्या ऑफिसने त्याला 'तात्पुरता कर्मचारी' या नावाने आत घेतलं. वीस-पंचवीस वर्षं त्याच खुर्चीवर बसलेला माणूस! घरी येऊन तो बराच वेळ बूट काढायचंच विसरून दारात उभा राहिला. मी हसणार होते. त्याचा चेहरा बघितला आणि नाही हसले.

एकेक नाव बदलत गेलं. बैल गेला, नाक गेलं. आ-होकपाशी मात्र पेंग अडला. शाव बाईंशी तो फोनवर बोलत होता तेव्हा मी शेजारी शेंगा निवडत बसले होते, त्यामुळे पुढचं सगळं मी कानांनी ऐकलेलं आहे.

"हे एकच नाव राहू द्या," तो म्हणाला. "त्या तळ्यावरच बनलाय तो भाग. पहिले गिऱ्हाईक आहेत ते आमचे."

"भावना समजते, पेंग सर," शाव बाई म्हणाल्या. वाईट नव्हत्या त्या. आवाज दमलेला होता. "पण अपवादाला समितीची मंजुरी लागते."

"मग समितीला विचारा."

"समिती अजून नेमलेली नाही."

मग त्याच म्हणाल्या, "असं करा, निदान अक्षरं तरी लहान करा. पुढच्या तपासणीपर्यंत मी डोळेझाक करते."

पेंगने फोन ठेवला आणि लढाई जिंकल्यासारखा माझ्याकडे बघून हसला. आ-होकच्या इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली दोन अक्षरं मोठी होती, ती त्याने लहान केली. बाकी नाव तेच. त्या लढाईत त्याच्या हाती जे काही लागलं ते एवढंच, आणि त्याला ते पुष्कळ वाटलं.

त्याच आठवड्यात काका थर्मोकोलच्या पेटीत बर्फावर मासा घेऊन आमच्याकडे आले. दर काही महिन्यांनी येतात. आले की आधी स्वयंपाकघरात येऊन सुरीची धार बघतात आणि मला रागावतात.

"युए-च्याव, पोरी, या सुरीने तू मासा कापतेस की त्याला गुदगुल्या करतेस?"

आल्याचं सूप होईपर्यंत पेंगने त्यांना सगळी हकिगत सांगितली. काकांना वाटलं आपल्याकडून काही हवं आहे. ते खिशात सहीचा शिक्का शोधायला लागले.

"सही-शिक्का काही नको, काका. तुमचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, ते आता लहान केलंय, एवढंच. राग नाही ना?"

"मला इंग्रजी कुठे वाचता येतं? मोठं काय आणि लहान काय!" काकांनी सुपाचा वाडगा तोंडाला लावला. "माझा फोन वाजला म्हणजे झालं."

वर्षाच्या त्या सुमाराला त्यांच्या तळ्यात विक्रीला आलेला माल होता. दीड वर्ष वाढवलेले हेकरू. मुलगा ताइनानला असतो. तो कधीपासून मागे लागला होता, की बाबा, तळं सौर पॅनेलवाल्यांना भाड्याने द्या आणि आमच्याकडे या. काका म्हणायचे, हा माल निघू दे, मग बघू. प्रत्येक मालाला तेच म्हणायचे.

आणि एक दिवस पेंगच्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवं झालं. को साहेब, म्हणजे त्यांच्या ऑफिसचे मालक, यांनी सगळ्यांना चहा आणि तळलेलं चिकन मागवलं. पेंगने आपल्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम जोडला, टेबलावरच्या डब्यात घातला, आणि डब्याची हवा मोजणारी नळी उकळून गार केलेल्या, हवा नसलेल्या पाण्याच्या पेल्यात सोडली. फिरायला चाकं नव्हतीच, पेंगचा मोबाइल लगेच खणखणला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ऑफिसातल्या मोठ्या मशीनवर गिऱ्हाइकांसाठीचा प्रोग्रॅम तयार झाला, आणि नवं काहीही निघालं की पहिल्यांदा जिथे जायचं तिथेच गेला: आ-होक काकांच्या तळ्यावर.

आता जे झालं ते मला पेंगने नंतर कागदावर काढून दाखवलं, म्हणून सांगता येतं. पेंगच्या कॉम्प्युटरला मोठं अक्षर आणि लहान अक्षर एकच वाटतं. ऑफिसातल्या मोठ्या मशीनला ती दोन वेगळी माणसं वाटतात. जोडणीच्या फाइलमध्ये नाव लहान झालं होतं; पण मूळ भागाचं नाव बदलल्याची दखल पेंगच्या कॉम्प्युटरने पुढे कळवलीच नाही, त्याच्या लेखी काही बदललंच नव्हतं. मोठ्या मशीनवर तो भाग जुन्या मोठ्या अक्षरांतच राहिला. मशीनने लहान अक्षरांतला आ-होक शोधला. सापडला नाही. अशा वेळी खरं तर त्याने बोंब ठोकायला हवी होती, पण काही गिऱ्हाइकांना फोनची सोय नको असायची, म्हणून त्या ओळीत लिहून ठेवलेलं होतं: हा भाग असला तर घ्या, नसला तर पुढे चला. मशीन पुढे चाललं. आणि नावं सगळी हिरवी होती.

तो दिवस असा होता की झाडाचं पान हलत नव्हतं. सकाळी पावसाची एक सर येऊन गेली होती आणि दुपारी नुसती वाफ. तळ्याला सगळ्यात वाईट दिवस. काकू मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात गेल्या होत्या आणि काका त्यांच्याबरोबर. मोबाइल शर्टाच्या खिशात, आवाज पूर्ण मोठा. नर्सने बंद करायला सांगितला तरी त्यांनी केला नव्हता. तिकडे चाकांच्या वायरीत काहीतरी जळलं आणि चाकं थांबली. डब्याला कळलं. नोंद त्याच्या आत आहे, हवा कशी कमी कमी होत गेली त्याची. पण सांगायला त्याच्याकडे तोंड नव्हतं.

पेंगला फोन आला तेव्हा आम्ही बाजारात होतो. त्याने फोन कानाला लावला, आणि पलीकडून काका काय म्हणाले ते मलाही ऐकू आलं, कारण ते नेहमी ओरडूनच बोलतात. त्या दिवशी मात्र ओरडत नव्हते, तरी ऐकू आलं.

"पेंग, माझा फोन वाजला नाही रे."

आम्ही भाजीची पिशवी तिथेच दुकानात विसरलो. गाडीत पेंग एकच वाक्य बोलला, "टेबलावर वाजला होता." पुन्हा तेच. बुदाई येईपर्यंत तेच.

उलट्या झालेल्या माशांनी तळं पांढरं दिसत होतं. शेजारच्या तळ्यावरचे लोक कमरेएवढ्या पाण्यात उतरून जाळ्याने मासे ओढत होते. लवकर काढले नाहीत तर पाणीही कुजतं. काका बांधावर उभं राहून कुणी कुठे जाळं धरायचं ते सांगत होते. अगदी रोजच्यासारखे. फक्त एकदा एक मोठा हेकरू हातात घेऊन त्याचा जबडा बोटाने मिटायला गेले. तो मिटेना. त्यांनी पुन्हा मिटला. मग पेटीत ठेवला.

पेंग बूट-मोज्यांसकट पाण्यात उतरला. त्याला पोहता येत नाही, मासा धरता येत नाही, चष्म्यावर चिखल उडालेला. त्याच्या हातून तीनदा तोच मासा सुटला तेव्हा शेजारचा एकजण म्हणाला, "साहेब, तुम्ही वर बसा, मधे येताय." पेंग वर बसला नाही. मधे मधे येत राहिला. एरवी मी ही गोष्ट लोकांना हसत हसत सांगितली असती.

काकू डोळ्याला पट्टी लावून टेबल मांडत होत्या. सगळ्यांसाठी शेवया शिजवल्या होत्या.

"काकू, आज कशाला?" मी म्हटलं.

"पाण्यातून आलेली माणसं उपाशी जातील का?" त्या म्हणाल्या. "तू वाडगे धर. मला एका डोळ्याने अंदाज येत नाही."

दुसऱ्या दिवशी पेंगला ती ओळ सापडली. को साहेब चांगले आहेत, पण ऑफिसचा सौदा व्हायचा होता. ते म्हणाले, "वायर जळली, पेंग. वायर तर आपण नाही जाळली ना?"

"वायर जळते म्हणूनच तर फोन असतो, साहेब."

त्याने झालं ते जसंच्या तसं तायपेईला कळवलं. तिथून उत्तर आलं, की नावांची तपासणी यशस्वी झाल्याचं नोंदलेलं आहे, आणि हा प्रश्न नावांच्या तपासणीत बसत नाही. योग्य विभागाकडे पाठवावा. योग्य विभाग कोणता, ते शाव बाईंनाही माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःहून पेंगला फोन केला. काही उपाय सुचवला नाही. "मीच डोळेझाक केली नसती तर नाव पूर्ण बदललं असतं, आणि मग तो बदल मोठ्या मशीनपर्यंत पोचला असता," एवढंच म्हणाल्या. पेंग म्हणाला, "तसं नाही हो, बाई."

काकांना भरपाई मिळाली. त्यावर भांडण झालं नाही, कारण काका भांडलेच नाहीत. पेंग कारण समजावून सांगायला गेला तर ते लक्ष देऊन ऐकत राहिले. मग विचारलं, "म्हणजे मी तिथेच होतो, आणि मशीनने मला ओळखलं नाही?"

"हो, काका."

"होतं असं," ते म्हणाले. मग काकूंच्या डोळ्याकडे वळले आणि औषधाचे थेंब घालायची वेळ झाली का ते बघू लागले.

पेंगला मी राजीनामा देऊ दिला नाही. त्याने ती ओळ बदलली. आता कुठलाही भाग सापडला नाही तर मशीन जागच्या जागी अडून बसतं, मग गिऱ्हाइकाला तो हवा असो वा नसो. ऑफिसातले वैतागतात. तो दाद देत नाही. पुढच्या तपासणीत आ-होक भागाचं नाव पूर्ण नियमात बसवलं गेलं. यान वहिनी आता कचऱ्याच्या गाडीपाशी त्याला काही सल्ला देत नाहीत; नुसती त्याच्या हातातली पिशवी घेतात आणि गाडीत टाकतात.

काकांनी पुन्हा पिल्लं सोडली नाहीत. मुलगा येऊन पॅनेलवाल्यांशी बोलून गेला. शरदात तळं रिकामं करायचं ठरलं तेव्हा काकांनी फोन केला, "चाकं बाहेर काढायला माणूस कमी आहे, येतोस का?" माणूस कमी नव्हता. आम्ही गेलो.

पाणी गेलेल्या तळ्यात गुडघाभर गाळ होता. पेंग आणि काकांचा मुलगा चाकांना दोर बांधून ओढत होते, मी काठावरून दोर गुंडाळत होते. काका खुर्चीत बसून हुकूम सोडत होते.

"डावीकडून! तुझी डावी बाजू कुठली ते शाळेत शिकवलं नाही का, पेंग?"

पेंग हसला. कित्येक महिन्यांनी हसला. पाय घसरून गाळात बसला तसे काकाही हसले, आणि खोकला लागेपर्यंत हसत राहिले.

शेवटचं चाक बांधावर आलं तेव्हा पेंगने विचारलं, "काका, हे कुठे ठेवू?" उत्तर आलं नाही. मी वळून बघितलं. काका खुर्चीत झोपून मंद घोरत होते, मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं. मुलाने पुढे होऊन त्यांच्या खांद्याला लावायला हात उचलला, तेवढ्यात काकूंनी मानेनेच नको म्हटलं.

"उन्हाळ्यात या बांधावर कधी शांत झोप लागली नाही त्यांना," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "झोपू दे."

पेंगने चाक आवाज न करता खाली ठेवलं आणि चिखलाच्या हातांनी तिथेच बांधावर बसला. मी त्याच्या शेजारी बसले. समोर तळं नव्हतंच, नुसता ओला खड्डा होता. ऊन खाली गेलं, काकांच्या पायांवरून सरकून गेलं, आणि त्यांना उठवायचं कुणाच्याच मनात येईना.